भुते कुणाची, भीती कुणाची?

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





ऑक्टोबर हा आपल्या धम्मदीक्षेचा महिना. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले, हे या सभागृहात कुणाला सांगण्याची गरज नाही. याच महिन्याच्या अखेरीस, ३१ तारखेला, अलीकडे मुंबईच्या शाळांत आणि मॉलमध्ये हॅलोविन नावाचा भुतांचा सण साजरा होऊ लागला आहे. मागच्या वर्गात एका विद्यार्थिनीने आम्हाला प्रश्न विचारला. ती म्हणाली, "शाळेत हॅलोविन आहे. मला हडळ व्हायचंय. आजी म्हणते, असली सोंगं घेऊ नयेत, अंगाला चिकटतात. बाबा म्हणतात, आपण बौद्ध, आपल्यात भुतं नसतात. मग मी काय करू?"

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. प्रश्न लहान मुलीचा असला तरी उत्तर लहान नव्हते. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम हा हॅलोविन काय आहे ते पाहू. ख्रिस्ती लोक १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस पाळतात आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा. संतांच्या दिवसाची आदली रात्र ती हॅलोविन. आयर्लंडमधले लोक त्या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला, आणि भोपळ्याचे दात विचकलेले तोंड जगभर गेले. आपल्याकडे दुकानाच्या दारात कोहळा टांगतात, शेजारी लिंबू-मिरची आणि काळी बाहुली. भोपळा तिकडचा, कोहळा इकडचा. दोन्हींचे काम एकच, दारातून वाईट आत येऊ नये.

आमचे बालपण गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या एका चाळीत गेले. 'आम्ही' म्हणजे चाळीतली दहा-बारा मुले. त्यांच्याच वतीने आज बोलत आहोत. दादोबा वामन खोत यांच्यावरून त्या वाडीला नाव पडले. पाठारे प्रभूंची घरे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची घरे, दोन माणसे शेजारी शेजारी जेमतेम चालतील एवढ्या गल्ल्या, कौलारू छपरे, लाकडी सज्जे आणि घराच्या बाहेरून वर जाणारे लाकडी जिने. एके काळी तिथे पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात. आज निम्मीही उरलेली नाहीत. वाडीला खरी भीती कुणाची असेल तर ती बिल्डरची. पण तो आजचा विषय नाही.

आम्हा मुलांच्या लेखी ती वाडी म्हणजे भुतांचे माहेरघर. रात्रीचे दिवे मिणमिणते. मध्यरात्री जिना आपोआप कुरकुरायचा, जणू कुणी एकेक पायरी चढत आहे. एका जुन्या घराच्या माळ्यावरून अशी किंकाळी यायची की अंथरुणातली मुले एकमेकांना बिलगायची. शिवाय जवळच मरीन लाइन्सला चंदनवाडीचे स्मशान आणि बडा कब्रस्तान. सोनापूर हा शब्द तर मोठी माणसेही हळू आवाजात उच्चारीत. त्या रस्त्याने यायची वेळ आली की आम्ही अंगठा मुठीत दाबून धरायचो.

आमची भुतेही ठरलेली होती, कारण चाळीतले बहुतेक लोक कोकणातले, आणि येताना त्यांनी तांदळाच्या गाठोड्याबरोबर भुतेही आणलेली. पिंपळावर मुंजा, विहिरीपाशी हडळ, माळावर झोटिंग. शिवाय समंध, खवीस, लावसट, गिऱ्हा. अमावास्येला मशाली घेऊन निघणारी वेताळाची पालखी. वाट चुकवून रात्रभर गोल गोल फिरवणारा चकवा. खरे सांगायचे तर यातली काही आम्हाला फार आवडत. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा आमचा सर्वांत लाडका. भक्त त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करीत हिंडतो आणि म्हणून त्या चपला झिजतात, असे तिकडचे लोक सांगतात. चपला झिजवणारे भूत! गिरणीत तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या आमच्या बापांसारखाच तो आम्हाला वाटे.

गोष्टीतल्या भुताची मजा घेण्यात काही वाईट नाही. नारायण धारपांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आम्ही चादरीत तोंड घालून वाचल्या. १९९३ साली 'झपाटलेला' आला तेव्हा आमची मुले तात्या विंचूला घाबरून आमच्या मांडीवर चढली आणि लगेच लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर खदखदून हसली. भीती आणि हसू यांचे घर एकाच भिंतीला लागून आहे. पुस्तक मिटले, पडदा उजळला की ती भीती संपते. प्रश्न आहे तो न मिटणाऱ्या भीतीचा.

विद्यार्थी मित्रहो, आता या भुतांकडे जरा अभ्यासाच्या नजरेने पाहा. ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेली कोकणच्या लोकसमजुतींची टिपणे आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली आणि ती १९१५ साली मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध झाली. हे जॅक्सन म्हणजे १९०९ साली नाशिकला ज्यांचा वध झाला ते कलेक्टर. अशा टिपणांत भुतांची यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरते. भुतांनाही जात आहे! मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा. खवीस बहुधा परधर्मीयाचा मानतात. मेल्यावर देह जळाला, पण जात जळली नाही. ज्या समाजाने जिवंतपणी वस्ती वेगळी ठेवली, पाणवठा वेगळा ठेवला, त्याने मेल्यावर भुतांची झाडेही वेगळी ठेवली.

दुसरी गोष्ट. हडळ कोण? बाळंतपणात मेलेली बाई. लावसट कोण? मेलेली विधवा. जिला दाई नीट मिळाली नाही, औषध मिळाले नाही, पोटभर अन्न मिळाले नाही, ती बाई मेली. आणि मेल्यावर तिलाच आपण उलट्या पायांची करून विहिरीवर बसवली. जिच्यावर अन्याय झाला तीच भीतीदायक ठरली. अन्याय करणाऱ्याचे मात्र कधी भूत झालेले ऐकिवात नाही. याचा विचार घरी जाऊन करा.

आता वाडीतल्या भुतांचा पुढे काय शोध लागला ते सांगतो. जिना कुरकुरायचा, कारण दिवसा तापलेले लाकूड रात्री गार होताना आकसते आणि सांधे आवाज करतात. किंकाळी मारणारी हडळ निघाली गव्हाणी घुबड. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा आणि अंगावर काटा आणणारा चीत्कार. जुन्या घरांच्या माळ्यावर राहणारा हा पक्षी रात्रभर उंदीर मारतो. म्हणजे जिला आम्ही भीत होतो ती आमचीच राखण करीत होती. झोपेत कुणी छातीवर येऊन बसते, हात-पाय हलत नाहीत, हाक फुटत नाही, हा अनुभव पुष्कळांना येतो. मेंदू जागा झालेला असतो आणि शरीर अजून स्वप्नातल्या झोपेत सैल पडलेले असते, म्हणून तसे होते. चकव्याचे म्हणाल तर २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितले. सूर्य ढगाआड असला की माणसे नकळत गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येत. वाट चुकवणारा कुणी नव्हता. दिशा दाखवणारी खूण तेवढी नव्हती.

हे ऐकताना हसू येते. पण एक गोष्ट अशी आहे की जिचे आम्हाला आजही हसू येत नाही. आमच्या चाळीतले कुणी आजवर ती उघडपणे बोललेले नाही. आज बोलतो.

साधारण १९६४-६५ चा सुमार. चाळीत तळमजल्यावर शेवटच्या खोलीत एक विधवा बाई एकटी राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. वाडीत घरोघरी भांडी घासून पोट भरायची. मूलबाळ नव्हते, म्हणून आम्हा मुलांना बोलावून हातावर चणे-कुरमुरे ठेवायची. त्या पावसाळ्यात चाळीत मुलांना कावीळ होऊ लागली. एक झाले, दोन झाले, पाच झाले. एक चार वर्षांचा मुलगा गेला. कुणीतरी बाहेरून भगत आणला. त्याने तांदूळ टाकले आणि शेवटच्या खोलीकडे बोट दाखवले. झाले! आक्का मुलांना खाऊ देते, आक्काची नजर वाईट, आक्का अमावास्येला जागी असते. बायकांनी बोलणे टाकले. नळावर ती आली की भांडी बाजूला होत. आम्ही मुलांनी काय केले? तिच्या दारावर खडे मारले. उंबऱ्यावर लिंबू ठेवले. ती समोरून आली की थुंकायचो. त्यात आमच्या घरातली, रोज संध्याकाळी पंचशील म्हणणारी मुलेही होती. आमच्या हातातही खडे होते.

तिच्याशी बोलणारे एकच माणूस राहिले. वाडीतली एक म्हातारी ख्रिस्ती आंटी, जिच्याकडे ती भांडी घासायची. ती तिला बाकड्यावर बसवून कपभर चहा द्यायची आणि आम्हाला ओरडायची. आम्ही तिलाही नावे ठेवली.

एके दिवशी पहाटे आक्का ट्रंक घेऊन निघून गेली. त्यानंतरही कावीळ थांबली नाही. आणखी दोन मुले आजारी पडली. मग कुणाला तरी सुचले आणि नळ तपासायला माणसे आली. चाळीमागे खणले तेव्हा दिसले की पाण्याचा नळ सडला होता आणि त्यात गटाराचे पाणी झिरपत होते. नळ बदलला, आणि चाळीतली कावीळ ओसरली. सगळे म्हणाले, बरे झाले. आक्काला परत आणू या, असे एकही जण म्हणाला नाही. ती कुठे गेली, हे आजतागायत आम्हाला ठाऊक नाही.

मित्रहो, त्या चाळीत भूत होते का? होते. ते नळाच्या सडक्या भागात नव्हते आणि आक्काच्या खोलीतही नव्हते. ते आमच्यात होते.

या शहराने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माणसे शहर सोडून पळाली. कुणी म्हणाले देवीचा कोप, कुणी म्हणाले करणी. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक प्लेगइतकेच लसीलाही भीत. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की हा रोग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. म्हणजे ज्या घुबडाला अपशकुनी म्हणून आम्ही दगड मारत होतो ते प्लेगच्या उंदरांचे वैरी होते. १८९६ साली रोग्याला वाळीत टाकले, आणि २०२० साली करोनात रोग्याच्या घरच्यांशी काय वागणूक झाली, तीही आपण डोळ्यांनी पाहिली. रोग बदलतो, बोट दाखवण्याची सवय तीच राहते.

म्हणून या सवयीविरुद्ध कायदा लागतो. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्या विरोधातला महाराष्ट्राचा कायदा २०१३ सालचा. तो व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, एखाद्या व्यक्तीला करणी करणारी किंवा सैतान ठरवून तिचे जगणे मुश्कील करणे, साप-कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणे, हे सर्व गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. आमच्या लहानपणी हा कायदा नव्हता. आज आहे. तुमच्या चाळीत, तुमच्या इमारतीत कुणी आक्का असेल, तर तुम्हाला 'आम्हाला ठाऊक नव्हते' असे म्हणता येणार नाही.

इथे एक जाणता विद्यार्थी विचारील, आणि विचारलेही आहे, की खुद्दकनिकायात पेतवत्थु नावाचा ग्रंथ आहे, त्यात प्रेतांच्या कथा आहेत, त्याचे काय? प्रश्न प्रामाणिक आहे, तो झाकू नये. त्या कथांतले पेत बहुधा कंजूष, दुसऱ्याला टाकून बोलणारे, भुकेल्याला हाकलणारे असे लोक होते. कथेचा रोख भगत बोलावण्याकडे नाही, दान करण्याकडे आहे. बाबासाहेबांनी तर याचे मूळच धरले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथात आत्म्यावरील विश्वास हा धम्म नव्हे, असे त्यांनी मांडले आहे. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. भटकायला आत्माच नसेल, तर भूत कशाचे होणार?

परंतु बुद्धीने पटले म्हणजे भीती गेली असे होत नाही. हे बुद्धांना चांगले माहीत होते. मज्झिमनिकायात भयभेरव सुत्त आहे, ते अवश्य वाचा. बोधी प्राप्त होण्यापूर्वी आपण अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री मुद्दाम भयाण वनांत जाऊन राहत होतो, असे बुद्ध त्यात सांगतात. हरीण आले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाचोळा हलला की मनात भय उभे राहायचे. चालत असताना भय आले तर ते थांबले नाहीत, बसले नाहीत. चालता चालताच त्या भयाला घालवले. बसलेले असताना आले तर उठून पळाले नाहीत. मला भीती वाटलीच नाही, असे बुद्ध म्हणत नाहीत. वाटली, आणि मी ती पाहिली, असे म्हणतात. मोराच्या काटकीला त्यांनी हडळ म्हटले नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्या आजीने हे सुत्त वाचलेले नव्हते. तिला अक्षरओळख नव्हती. दीक्षेनंतर तिने देव्हारा सोडला, पण भूत सोडले नाही. देव तिच्या मनातून लवकर गेले, भुते जाता जाईनात. पण तिचीच एक आठवण आहे. ७ डिसेंबर १९५६ ला ती दादर चौपाटीवर होती. बाबासाहेबांची चिता तिने पाहिली. तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या अफाट जनसमुदायाला दीक्षा दिली, त्यात ती होती. आम्ही तिला विचारायचो, "आजी, रात्री स्मशानात भीती नाही वाटली?" ती म्हणायची, "भीती कसली? आपला माणूस होता ना तिथं."

या एका वाक्यात सगळे आले. ज्याला आपण आपला म्हटले त्याचे भूत होत नाही. दर ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात, शिवाजी पार्कवर तान्ह्या मुलांना कुशीत घेऊन रात्र काढतात आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. ज्या जागी अंत्यसंस्कार झाले तिथे आपल्या लोकांनी पुस्तकांचा बाजार भरवला. आणि २ नोव्हेंबरला आमची ख्रिस्ती शेजारीण आंटी नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून, दोन शब्द बोलून, शांतपणे घरी यायची. तिलाही त्या कब्रस्तानाची भीती वाटत नसे. आक्काशी बोलणारी ती एकटीच होती, याचे नवल आता वाटत नाही.

आता त्या मुलीला उत्तर. बाळ, तू खुशाल हडळ हो. तोंडाला पांढरा रंग लाव, केस मोकळे सोड, मैत्रिणींना घाबरव. सोंग अंगाला चिकटत नाही. साबणाने धुतले की जाते. मात्र दोन गोष्टी कर. वर्गात कुणी विचारले, तू कोण, तर सांग, की मी बाळंतपणात औषधावाचून मेलेली एक बाई आहे. आणि 'हडळ', 'चेटकीण' हे शब्द कुणाही जिवंत बाईला चिडूनसुद्धा म्हणू नकोस. सोंग चिकटत नाही, पण हा शब्द चिकटतो. आक्काला तो असा चिकटला की तिला घर सोडावे लागले.

बाकीच्या विद्यार्थ्यांना एक काम. एक वही करा. ज्या जागेची, ज्या आवाजाची, ज्या माणसाची तुम्हाला भीती वाटते, ते त्यात लिहा. मग थोरामोठ्यांना बरोबर घेऊन ती जागा उजेडात पाहून या आणि काय सापडले ते समोर लिहा. आवाज असेल तर लाकूड सापडेल, नाहीतर घुबड. माणूस असेल तर जाऊन त्याच्याशी बोला, त्याच्या हातचा चहा प्या. आम्ही ही वही साठ वर्षे उशिरा उघडली. पहिल्या पानावर आक्काचे नाव आहे. समोरची बाजू कोरी आहे आणि ती आता भरणार नाही. तुमच्या वहीत अशी एकही कोरी बाजू राहू नये, एवढीच आमची इच्छा.



जय भीम.